मोटार कुणाकडे न्यावी?

मोटार आपटली म्हणजे घरात पहिला प्रश्न निघतो तो, “कुणाला लागले तर नाही ना?” कुणाला लागलेले नाही असे कळले की सर्वांच्या जिवात जीव येतो. कुणीतरी देवापुढे साखर ठेवते, चहाचे आधण चढते. तो चहा निम्मा होतो न होतो तोच दुसरा प्रश्न निघतो, “आता गाडी कुणाकडे न्यायची?” आणि मग मात्र जितकी माणसे तितकी मते होतात. थोरल्या काकांच्या ओळखीचा एक मिस्त्री असतो. मेव्हण्यांना कंपनीच्या वर्कशॉपशिवाय दुसरीकडे विश्वासच नसतो. शेजारच्यांना विम्याचे पैसे कुठे लवकर सुटतात एवढेच ठाऊक असते. ज्याची गाडी, तो बिचारा सर्वांच्या तोंडाकडे पाहत बसतो.

हा दुसरा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याच्या मागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. लढायांचा आणि तहांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. परंतु चेपलेला पत्रा सरळ करणाऱ्या हातांचाही इतिहास असतो, आणि तो जाणणाऱ्याला वरच्या प्रश्नाचे उत्तर देणे पुष्कळ सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. म्हणून या सणाच्या दिवसांत फराळाच्या ताटाशेजारी हा विषय मांडण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या जुन्या गावगाड्यात हा प्रश्न नव्हताच. बैलगाडीचा आस मोडला, चाकाची धाव निसटली, म्हणजे शेतकरी गावच्या सुताराकडे नाही तर लोहाराकडे जाई. हे दोघेही बलुतेदार. सुगीच्या वेळी खळ्यावर येऊन आपले बलुते घेऊन जाणारे. कुणाकडे जावे ही निवड शेतकऱ्याला नव्हती, पण तिची फारशी गरजही नव्हती. सुताराने काम कच्चे केले तर तीच गाडी दुसऱ्या दिवशी कुरकुरत त्याच्याच दारावरून जायची, आणि पुढल्या सुगीला त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावर त्याला उभे राहायचे असे. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होते, तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. एवढेच सांगायचे की, कामाची हमी कागदावर नव्हती. ती दोघांनी एकाच गावात जन्म काढण्यात होती. शहर वाढले, माणसे एकमेकांना अनोळखी झाली, आणि ‘कुणाकडे न्यावे’ हा प्रश्न जन्माला आला.

मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, १८९८ च्या सुमारास. जमशेटजी टाटा हे मोटार बाळगणाऱ्या पहिल्या हिंदी गृहस्थांपैकी एक. त्या काळची मोटार म्हणजे यंत्र लावलेली बग्गीच होती. खाली लोखंडी सांगाडा, वर चिवट लाकडाची चौकट, त्या चौकटीवर ठोकलेले पत्रे किंवा फळ्या, बसायला चामड्याच्या गाद्या आणि डोक्यावर कॅनव्हासचे छत. साहजिकच अशी गाडी आपटली म्हणजे ती बग्ग्या बांधणाऱ्यांकडेच जाई. मद्रासची १८४० साली स्थापन झालेली सिम्प्सन कंपनी घोड्यांच्या गाड्या बांधता बांधता मोटारींच्या धंद्यात आली, ती याच वाटेने. दुरुस्तीला तेथे सुतार लागे, लोहार लागे, चामडे शिवणारा लागे आणि सर्वांत शेवटी रंगारी.

या रंगाऱ्याचे काम मोठे धीराचे होते. कुंचल्याने एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, घासायचा, मग दुसरा हात. असे एकावर एक थर चढवून वर वार्निश फिरवीपर्यंत कित्येक आठवडे निघून जात. हेन्री फोर्डने आपल्या मॉडेल टी मोटारी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात विकल्या, त्याचे एक कारण काळा रंग स्वस्त व टिकाऊ होता हे होते. पुढे ड्यूपाँ कंपनीने ‘ड्युको’ नावाचे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर काढले आणि १९२३ मध्ये अमेरिकेतील ओकलंड मोटारी त्या निळ्या रंगात रंगून बाहेर पडल्या. हे लॅकर हवेच्या दाबाने फवारता येई आणि पाहता पाहता वाळे. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आपल्याकडे त्या रंगाचे नाव इतके रुजले की, पुढे कुठल्याही कंपनीचा रंग मारणारा ‘ड्युको पेंटर’च म्हणवून घेऊ लागला.

त्याच सुमारास दुसरी एक क्रांती झाली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने मोटारीतले लाकूडच काढून टाकायचे ठरविले. पोलादाचे मोठाले पत्रे साच्यात दाबून ते एकमेकांना वितळजोडाने जोडायचे, अशी त्याची कल्पना. १९१४ पासून डॉज बंधूंच्या मोटारींना त्याने अशी अंगे पुरविली. युरोपात सित्रोएनने १९२४ मध्ये बडचीच पद्धत उचलली. लाकडी चौकट गेली, तिच्याबरोबर सुतार गेला, आणि त्याच्या जागी हातोडीवाला आला. आपण आज ज्याला ‘डेंटर’ म्हणतो त्याचा हा जन्म.

डेंटरचे काम पाहणे हा माझा जुना छंद आहे. पाहणाऱ्याला वाटते, पत्रा आत गेला आहे, तो मागून ठोकला की बाहेर येईल. पण पत्रा चेपतो तेव्हा तो नुसता वाकत नाही, ताणलाही जातो. ताणलेला पत्रा बाहेर काढला तरी जागेपेक्षा थोडा मोठाच राहतो. मग तो बिस्किटांच्या डब्याच्या झाकणासारखा टकटक आतबाहेर करू लागतो. तेव्हा कसबी डेंटर काय करतो? एका हाताने पत्र्याच्या पाठीशी ‘डॉली’ नावाचा लोखंडी ठोकळा धरतो आणि दुसऱ्या हाताने हलक्या हातोडीचे ठोके देतो. जिथे पत्रा फारच ताणला असेल तिथे तो रुपयाएवढी जागा गॅसच्या ज्वाळेने लाल करतो, भोवती चार ठोके घालतो आणि ओले फडके दाबतो. पत्रा आक्रसून जागेवर येतो. काम संपले की डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवतो. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळव्याला लागतो. पुण्याच्या तांबट आळीत हंड्यावर ठोक्याशेजारी ठोका बसविणारा तांबट आणि हा डेंटर यांचे गोत्र वेगळे असेल, पण हातांची भाषा एकच आहे.

यातूनही जे खळगे उरत ते पूर्वी शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाने भरीत. भांड्याला कल्हई लावावी तसे ते धातूला चिकटे आणि वर्षानुवर्षे टिके, पण ते करायला हात सराईत लागे. १९५० नंतरच्या दशकात पॉलिएस्टरची लांबी निघाली. दोन पदार्थ कालवायचे, पत्र्याने थापायचे आणि वाळल्यावर घासायचे. ही वस्तू वाईट नाही. बोटाच्या नखाएवढ्या जाडीपर्यंत ती उत्तम काम देते. पण तिच्यामुळे एक सोय अशी झाली की, ज्याला पत्रा ठोकता येत नाही त्यालाही खळगा बुजवता येऊ लागला. रंग चढल्यावर दोन्ही कामे सारखीच दिसतात. फरक कळतो तो दोन पावसाळ्यांनंतर, लांबीचा पोपडा उठतो तेव्हा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी कामाची परीक्षा होणे येथून कठीण झाले, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या देशात या धंद्याला वेगळेच वळण लागले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्यांना सुटे भाग येथेच बनवायचे असतील त्यांनीच या धंद्यात राहावे. नुसत्या जुळणीवर जगणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्यानंतरची तीस वर्षे मराठी मध्यमवर्गाला मोटार म्हणजे फियाट किंवा अँबॅसडर, आणि तीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळणारी.

जी वस्तू मिळवायला इतकी वर्षे लागतात ती मोडली म्हणून कुणी टाकून देत नाही. नवा मडगार्ड मिळणे दुरापास्त, मिळाला तर महाग. तेव्हा जुनाच मडगार्ड ठोकून सरळ करायचा, फाटला असेल तर ठिगळ लावायचे. मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपास सुटे भाग शोधायचे, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जुना दरवाजा धुंडाळायचा, पुण्यात नाना पेठेत चक्कर टाकायची. अपुरेपणाने आपल्याला जी काही कसबे शिकविली त्यांत डेंटरचे कसब फार वरचे. परदेशात जो भाग बदलला गेला असता तो आपल्याकडे तीन वेळा सरळ होऊन चौथ्यांदा धडकायला सिद्ध असे.

त्या काळी मिस्त्री निवडण्याची रीतही ठरलेली होती. टॅक्सीवाल्याला विचारायचे! टॅक्सी एक दिवस उभी राहिली तर तिच्या धन्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत. त्यामुळे कोण लवकर काम करतो, कोण पक्के करतो आणि कोण पैसे मागून घेतो, हे त्याला बिनचूक माहीत असे. गावगाड्यातली ती जुनी हमी शहराच्या गल्लीत अशा रीतीने पुन्हा उगवली होती. त्या जमान्याची शेवटची खूण म्हणजे काळी-पिवळी पद्मिनी. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे मुंबईतली अखेरची नोंदलेली पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तिच्या अंगावर किती डेंटरांचे हात फिरले असतील याची गणती कोण करणार?

आता या गोष्टीत तिसरे पात्र प्रवेश करते. ते म्हणजे विमा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा करण्याची तरतूद होती. ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र तेव्हाही ऐच्छिक होता आणि आजही आहे. १९६८ साली विमा कायद्यात दुरुस्ती होऊन ठरावीक रकमेपुढील दाव्यांना परवानाधारक सर्वेक्षकाचा अहवाल आवश्यक झाला. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचे राष्ट्रीयीकरण होऊन त्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. पुढे १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार पुन्हा उघडले.

गाडीचा मालक आणि मिस्त्री यांच्यामध्ये आता हातात कागद घेतलेला सर्वेक्षक उभा राहिला. कोणता भाग बदलायचा, कोणता ठोकून सरळ करायचा, हे पूर्वी दोघे ठरवीत. आता तिघांचे एकमत लागते. शिवाय घसाऱ्याचे कोष्टक आले. २००२ च्या मोटार दरपत्रकात ते छापलेले आहे, आणि दर मोकळे झाल्यावरही पॉलिसींतून तेच चालत आले. रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. सहा महिन्यांपर्यंत शून्य, तिसऱ्या वर्षी १५ टक्के, दहा वर्षांपलीकडे ५० टक्के. पूर्वी बंपर लोखंडाचा असे, आता तो प्लॅस्टिकचा असतो. म्हणजे जो भाग सर्वांत आधी धडकतो त्याच भागाचे निम्मे पैसे मालकाच्या खिशातून जातात. घसारा माफ करणारी जादा कलमे अलीकडे हप्ता वाढवून मिळतात. ती आहेत की नाहीत हे मोटार धडकण्यापूर्वी पाहिलेले बरे.

येथवरचा इतिहास पैशाचा आणि देखणेपणाचा झाला. पण १९५१ साली बेला बारेन्यी नावाच्या अभियंत्याने मर्सिडीज कंपनीसाठी एका कल्पनेच्या पेटंटचा अर्ज केला, आणि दुरुस्तीचा प्रश्न एकदम जिवाचा प्रश्न झाला. तोवर समजूत अशी की, गाडी जितकी टणक तितकी सुरक्षित. बारेन्यीने उलटे सांगितले. मधला माणसे बसण्याचा भाग टणक ठेवा, पण पुढचा आणि मागचा भाग असा करा की धडकेच्या वेळी तो ठरल्याप्रमाणे चुरगळेल. चुरगळताना तो धडकेचा जोर स्वतः खाईल, आणि आत बसलेल्यांपर्यंत तो कमी पोहोचेल. १९५९ मध्ये मर्सिडीजची या तत्त्वावरची मोटार बाजारात आली. आज बहुतेक सर्व मोटारी याच तत्त्वावर बांधतात. बोनेटखाली इंजिनाच्या दोन्ही अंगांना ज्या पोकळ पोलादी तुळया असतात, त्या आपल्यासाठी मोडायला ठेवलेल्या असतात.

आता यातली मेख पाहा. ही तुळई एकदा थोडीशी चुरगळली, आणि कुणी ती तापवून, ओढून, वर रंग मारून सरळ ‘केली’, तर बाहेरून गाडी नवी दिसेल. पण पुढच्या धडकेला ती तुळई ठरल्याप्रमाणे मोडणार नाही. अलीकडे या जागी फार उच्च ताकदीचे पोलाद वापरतात. त्याचा कणखरपणा कारखान्यातल्या तापवण्या-निवविण्यात असतो. गल्लीत त्याला ज्वाळा दाखविली की तो कणखरपणा निघून जातो. जो हात फियाटच्या मडगार्डावर कलावंत ठरला, तोच हात येथे अजाणता घात करू शकतो. यात त्या हाताचा दोष नाही. पोलाद बदलले आणि त्याला कुणी सांगितले नाही, एवढेच.

माझ्या भाचीची गाडी परवाच्या पावसाळ्यात ठाण्याच्या बाजूला दुभाजकावर आदळली. वेग बेताचा होता, ती सुखरूप होती. आम्ही गाडी दोन ठिकाणी दाखविली. पहिल्या ठिकाणी बंपर, दिवा आणि बोनेट असा हिशेब देऊन तीन दिवसांचा वायदा केला. दुसऱ्या ठिकाणच्या मालकाने अंदाजपत्रक लिहिण्यापूर्वी बंपर उतरविला, गाडी वर उचलली आणि खालच्या ठरीव छिद्रांमधली अंतरे कर्णरेषेत मोजली. डावी तुळई पंधरा मिलिमीटर मागे गेली होती.

“मामा, पंधरा मिलिमीटर म्हणजे बोटाची रुंदीसुद्धा नाही,” भाची म्हणाली. “त्यासाठी पंधरा दिवस गाडी सोडायची? मला रोज कामावर जायचे असते.”

मी काही बोलणार तोच तो गृहस्थ म्हणाला, “ताई, गाडी चालेल. उद्यापासूनसुद्धा चालेल. फक्त ती पुन्हा आदळली तर कशी वागेल ते मला सांगता येणार नाही. मुलांना शाळेत हीच गाडी सोडते ना?”

भाची गप्प झाली. तिने किल्ली त्याच्या हाती दिली. विम्याच्या सर्वेक्षकाला पुन्हा बोलावून उघडलेला भाग दाखविला, त्याने तुळई बदलण्यास मान्यता दिली, आणि गाडी सतरा दिवसांनी घरी आली. पहिला मिस्त्री लबाड होता असे मी म्हणणार नाही. त्याने डोळ्यांना दिसले तेवढे सांगितले. डोळ्यांना न दिसणारे मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

आता हे साधन त्याच्यापाशी का नव्हते, हा प्रश्न विचारला पाहिजे. त्याचेही उत्तर इतिहासात आहे. दुरुस्ती कुठे करावी हे ठरविण्याचा हक्क कुणाचा, यावर देशोदेशी भांडणे झाली आहेत. अमेरिकेत १९६३ साली विमा कंपन्यांच्या तीन संघटनांविरुद्ध सरकारने खटला केला. या संघटना आपल्या पसंतीच्या मूल्यमापकांकरवी गाड्या ठरावीक गॅरेजांकडे वळवितात आणि दर पाडतात, असा आरोप होता. अखेर त्या संघटनांनी तसे न करण्याचे न्यायालयापुढे मान्य केले. आपल्याकडे वाद दुसऱ्या अंगाने आला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणे या कंपन्या बाहेरच्या मिस्त्रींना मिळू देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्या निर्णयावर पुढे अपिले झाली. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी एक समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारींचाही समावेश केला.

म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. गल्लीतल्या डेंटरने नवे शिकावे असे आपण म्हणतो, पण शिकण्याची पोथीच कपाटात कुलूपबंद असेल तर त्याने शिकावे कसे? तो मागे पडला की लोक त्याला अडाणी म्हणतात. मग सगळ्या गाड्या एकाच दारी जातात, आणि त्या दाराचे दर वाढले तर जायला दुसरे दार उरत नाही. ज्याला आपण ‘कंपनीचे वर्कशॉप’ म्हणतो तिथेही हातोडी धरणारा बहुधा कुठल्यातरी गल्लीतल्या उस्तादाच्या हाताखालीच पोऱ्या म्हणून घडलेला असतो, हे विसरू नये. हे पोऱ्येपणही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. २०१६ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला असे कामावर ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मग ते कसब शिकविणाऱ्या शाळा तितक्याच झपाट्याने निघावयास हव्या होत्या.

तर मग गाडी कुणाकडे न्यावी? इतक्या इतिहासानंतर मी माझ्यापुरते काही ठोकताळे ठरविले आहेत, ते सांगतो. नुसता ओरखडा असेल, मडगार्ड किंवा दरवाजाचा पत्रा चेपला असेल, तर ज्याचा हात कसलेला तो गल्लीतला मिस्त्री उत्तम. त्याचे जुने काम तिरप्या उन्हात पाहावे. सपाट पत्र्यात आपले प्रतिबिंब वाकडे दिसले तर आत लांबी जास्त आहे असे समजावे. साधा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून लावून पाहिला तरी लोखंडी पत्र्यावर लांबीची जाडी कळते. दरवाजा आणि खांब यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, तेही पाहावे.

परंतु धडक समोरून किंवा मागून जोराची बसली असेल, दरवाजा ओढून लावावा लागत असेल, सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढत असेल, किंवा हवेची पिशवी फुटली असेल, तर जिथे मोजमापाचा बाक आहे तिथेच जावे, मग ते वर्कशॉप कंपनीचे असो वा स्वतंत्र. मापांचा कागद दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर मागून घ्यावा. अंदाजपत्रक लेखी असावे, आणि त्यात कोणता भाग बदलणार व कोणता सरळ करणार हे वेगवेगळे लिहिलेले असावे. काढलेले जुने भाग दाखवा म्हणावे. विमा कंपनीला कळविण्यापूर्वी गाडी उघडू देऊ नये. कंपनीच्या यादीतल्या गॅरेजात रोख पैसे मोजावे लागत नाहीत ही सोय खरी. पण यादीबाहेरच्या गॅरेजात काम करवून पैसे मागाहून मागण्याची वाटही सामान्यतः असते, ती पॉलिसीत वाचून घ्यावी. आणि गाडी चालवून पाहण्यापूर्वी समाधानाच्या कागदावर सही करू नये.

आणखी एक गोष्ट मी हटकून पाहतो. रंग फवारणाऱ्याच्या तोंडावर योग्य मुखवटा आहे का? आजकालच्या दोन भाग मिसळून करावयाच्या रंगांत आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. ती श्वासातून गेली तर माणसाला दम्याची व्याधी जडू शकते. जो मालक आपल्या रंगाऱ्याच्या फुप्फुसांची काळजी घेतो, त्याने बंद कोठडी बांधली आहे, हवा गाळण्याची सोय केली आहे. म्हणजे धूळही रंगावर बसत नाही. माणसाची काळजी आणि कामाचा कस या दोन गोष्टी मला एकाच छपराखाली इतक्या वेळा आढळल्या आहेत की, आता मी आधी मुखवटा पाहतो आणि मग चकाकी.

दसऱ्याला आपण मोटारीला झेंडूची माळ घालतो. त्याच दिवशी गॅरेजातला डेंटर आपली हातोडी आणि डॉली पाटावर मांडून त्यांवर फूल वाहतो. हल्ली त्या पाटावर मोजपट्ट्या आणि तपासणीची यंत्रेही दिसू लागली आहेत, ही मला शुभ खूण वाटते. हातोडी आणि मोजपट्टी ज्या पाटावर शेजारी नांदतात तो पत्ता आपल्या गावात कुठे आहे, हे वाचकांनी गाडी धड असतानाच शोधून ठेवावे. दिवाळीच्या सुटीत पुष्कळजण मुलाबाळांसह गाड्या काढून घाट उतरतील आणि चढतील. त्या सर्वांचा प्रवास सुखाचा होवो, आणि शोधून ठेवलेल्या त्या पत्त्याची त्यांना कधी गरज न पडो.